परवा पहिल्यांदाच एन्डोस्कोपी आहे, खूप त्रास होतो का? भूल घ्यावी की तशीच करावी?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने झाले छातीत जळजळ होते, जेवलं की पोटाच्या वरच्या भागात दुखतं, परवा सकाळी नऊची वेळ मिळालीय आणि शेजारच्या काकूंनी "घशात पाइप घालतात, जीव जातो नुसता" असं सांगितल्यापासून झोप उडालीय. आधी एक करा, परवापर्यंत त्या काकूंना भेटू नका. मी ही तपासणी, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोट आतून बघणं, दोनदा केलीय, एकदा भूल न घेता आणि एकदा गुंगीचं इंजेक्शन घेऊन, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो, तेव्हा औषधांचं जे काही लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

तर मुख्य प्रश्न. दुखत नाही. खरंच नाही. जे होतं ते दुखणं नसून उबळ असते, ओकारी आल्यासारखं होतं पण पोट रिकामं असल्यामुळे बाहेर काही पडत नाही, डोळ्यातून पाणी येतं, लाळ गळते, मोठमोठे ढेकर येतात आणि आपण जरा बावळट दिसतो. तेही सगळ्यात जास्त सुरुवातीच्या पंधरा-वीस सेकंदात, नळी घशाच्या वळणावरून खाली उतरते तेव्हा. नंतर आत काहीतरी हलतंय एवढंच जाणवतं. सगळं मिळून पाच ते दहा मिनिटं.

माझी पहिली 2016 ला मिरजेला झाली. आमच्याकडे कुणाला काही झालं की मिरज, दवाखान्यांचंच गाव ते. सकाळी उपाशी गेलो, फाईल केली, संमतीच्या फॉर्मवर सही केली आणि बाकावर दीड तास बसलो, आणि खरं सांगू का, त्या दिवसातला सगळ्यात वाईट भाग तो दीड तासच होता, कारण आतून कुणाच्या तरी ओकाऱ्यांचा आवाज येत होता आणि माझ्या शेजारचे एक आजोबा प्रत्येक आवाजाला "अरे देवा" म्हणत होते. (तुम्ही इअरफोन न्या.) मग सिस्टरनी बोलावलं, तोंड उघडायला लावून घशात स्प्रे मारला. चव विचारू नका, कडू आणि केळ्याच्या गोळीसारखी काहीतरी, आणि मिनिटभरात घसा असा होतो की आपण थुंकी गिळली का नाही तेच कळत नाही. पहिल्यांदा याचीच भीती वाटते, वाटतं घसा सुजला, श्वास बंद होणार. काही बंद होत नाही, फक्त बधिर झालेला असतो. काही ठिकाणी स्प्रेऐवजी घट्टसर जेल देतात, ते घशात धरून हळूहळू गिळायचं.

मग डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे थोडे पोटाशी, गालाखाली कागद नाहीतर ट्रे. दातांत एक प्लास्टिकची रिंग देतात, मधे भोक असलेली, म्हणजे आपण नळी चावू नये. नळी काळी, करंगळीपेक्षा बारीक, साधारण 9-10 मिलिमीटर जाड असते. लांबी बघून दचकू नका, मीटरभर असते पण सगळी आत जात नाही. डॉक्टर म्हणाले "घास गिळतो तसं एकदा गिळा", मी गिळलं, मोठी उबळ आली, आणि तेवढ्यात ती गेलीसुद्धा.

यापुढचं नीट वाचा, मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. नळी अन्ननलिकेत असते, श्वासनलिकेत नाही. म्हणजे श्वासाची वाट मोकळीच असते, पण तोंडात रिंग, घशात नळी, त्यामुळे मेंदू बोंबलत असतो की गुदमरलो. तेव्हा नाकाने हळू आत, तोंडाने हळू बाहेर, एवढंच करत राहायचं. आणि लाळ गिळायची नाही, सरळ बाहेर गळू द्यायची. मी लाजेखातर गिळायला गेलो आणि ठसका लागला, मग सिस्टर म्हणाल्या "अहो गळू दे की, पुसायला मी आहे ना". त्यांनी माझं मनगट धरलं होतं, हातातल्या दोन हिरव्या बांगड्या माझ्या डोळ्यासमोर होत्या आणि मी सगळा वेळ त्या बांगड्यांकडेच बघत बसलो. डोळे मिटू नका, मिटले की सगळं लक्ष घशात जातं. आतून हवा सोडतात, कारण रिकामं जठर मिटलेल्या पिशवीसारखं असतं, फुगवल्याशिवाय घड्या उघडत नाहीत, म्हणून पोट गच्च वाटतं आणि ढेकर येतात. जमेल तेवढा ढेकर धरून ठेवा, हवा निघाली तर परत भरावी लागते आणि तेवढा वेळ वाढतो.

शेवटी शेवटी मला मान न हलवता स्क्रीन दिसत होता. स्वतःचं जठर बघणं हा प्रकार भारी आहे राव. ओठाच्या आतल्या बाजूसारखं गुलाबी, ओलं, चकचकीत, आणि टोकाला एक गोल भोक हळूहळू मिटतंय आणि उघडतंय. इतकी वर्षं मिसळ-कांदाभजी टाकत आलो त्या जागेचं पहिल्यांदा तोंड बघितलं.

बायोप्सी घेतली तर हादरू नका. त्याच नळीतून बारीक चिमटा जातो आणि तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा निघतो, तो निघताना काहीही कळत नाही. आणि बायोप्सी म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही, सूज किंवा जंतू बघायलासुद्धा घेतात. जंतूची एक टेस्ट तिथल्या तिथे करतात, तुकडा पिवळ्या जेलमध्ये ठेवतात, गुलाबी झाला की हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे. हा तोच जंतू ज्याच्यासाठी बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1984 ला जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं होतं, अल्सर नुसत्या तिखटाने आणि टेन्शनने होतो हे त्याला पटत नव्हतं म्हणून, मग दुर्बिणीनेच त्याच्या जठराला आलेली सूज दिसली. 2005 ला रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं. आपल्याला ते प्यायचं नाहीये, नळी काय चीज आहे त्यापुढे.

आता माझी चूक, कारण तुम्हीही तीच करत असाल असं वाटतं. पहिल्या वेळी ती टेस्ट निगेटिव्ह आली, सौम्य सूज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, आलो घरी. पण मी तेव्हा वर्षभर मेडिकलमधून स्वतःच पॅन्टोप्राझोल आणून रोज सकाळी खात होतो आणि ते मी कुणाला सांगितलंच नाही, कारण माझ्या डोक्यात ते "औषध" नव्हतंच, पित्ताची गोळी होती. आपल्याकडे पित्ताची गोळी म्हणजे चहा-बिस्किटासारखीच. त्रास जातयेत राहिला. 2023 ला पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, पित्ताची गोळी चालू आहे का? त्यांनी ती दोन आठवडे बंद करायला लावून तपासणी केली आणि जेल अर्ध्या तासात गुलाबी. या गोळ्या चालू असल्या तर जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, अँटिबायोटिक घेतलं असेल तर महिनाभरही. मग जंतू मारायला अँटिबायोटिकचा 14 दिवसांचा कोर्स झाला, तोंडाला सतत नाणं चोखल्यासारखी चव, पण पोट सुधारलं. तुमची तपासणी परवाच आहे म्हणजे दोन आठवडे काही हातात नाहीत, आणि मनाने बंदही करू नका, पण काय काय खाताय ते सगळं सांगा. रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन, कसली अ‍ॅलर्जी, हे आजच फोन करून विचारा, सकाळी टेबलावर झोपल्यावर नाही. विशेषतः रक्त पातळ करायची गोळी कुणाच्या तरी सांगण्यावरून बंद करायची नाही.

भूल घ्यावी का? माझ्या दुसऱ्या वेळी हाताला सुई लावली, नाकाला ऑक्सिजनची नळी, सिस्टर म्हणाल्या "आता जरा झोप येईल" आणि पुढचं मला आठवतं ते डायरेक्ट बाहेरच्या खोलीतला पंखा. ओकारी नाही, बांगड्या नाहीत, काही नाही. पण त्याची किंमत आहे. भूलतज्ज्ञांची फी वेगळी पडते, नंतर तास-दीड तास थांबावं लागतं, सोबत माणूस लागतोच आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. बायको सांगते की गाडीत मी तिला एकच गोष्ट तीनदा सांगितली, प्रत्येक वेळी नव्या उत्साहाने. मला तो प्रवासच आठवत नाही. त्या दिवशी बँकेत असतो तर कुणाचंही कर्ज मंजूर केलं असतं.

माझं मत विचाराल तर, जीभ घासताना रोज ओकारी येत असेल किंवा काकूंचं बोलणं डोक्यातून जातच नसेल तर सरळ गुंगी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. घरी एकट्यानेच जायचं असेल तर नुसता स्प्रे. मला परत करायची वेळ आली तर मी स्प्रेवरच करीन, दहा मिनिटांत मोकळा आणि वर आतलं बघायला मिळतं.

बाकी बारीकसारीक पटापट. आदल्या रात्री हलकं जेवा, आठच्या आत, नंतर काही नाही. सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात, पाण्याचं प्रत्येकाचं वेगळं असतं, ते विचारून घ्या. सकाळी तंबाखू, पान, सिगारेट, "अर्धा कप चहा चालतो" असलं काही नाही. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात जायचा धोका असतो म्हणून हा नियम, उगाच छळायला नाही. कवळी असेल तर काढावी लागते, नेलपॉलिश पुसून जा कारण बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. मेडिक्लेमवाले नुसत्या तपासणीचे पैसे बहुतेकदा देत नाहीत. बायोप्सीचे आणि पॅथॉलॉजीचे पैसे वेगळे आहेत का ते आधी विचारा. तिचा रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो.

घरी आल्यावर घसा एक-दोन दिवस खवखवतो, पोट फुगल्यासारखं वाटतं, ते जातं. पण काळी शी झाली, उलटीत रक्त आलं, छातीत किंवा पोटात जोरात दुखायला लागलं, ताप आला, गिळता येईना झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. असं फार क्वचित होतं.

आणि घशाचा बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, साधारण तासभर. आधी एक घोट साधं पाणी पिऊन बघायचं, ठसका नाही लागला तर पुढचं. मी मिरजेला वीस मिनिटांतच कॅन्टीन गाठलं, उपाशी होतो ना, आणि वाफाळता चहा घेतला. अर्धा श्वासात गेला, खोकून खोकून शर्टावर सांडला. उरलेला मजेत प्यायलो, तोंडाला काही कळतच नव्हतं. संध्याकाळी टाळूची साल निघाली.