काउंटीला जिल्हा म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जन्मलेल्या नातवाच्या जन्मदाखल्याचं मराठी करताना ‘काउंटी ऑफ अलामेडा’चं ‘अलामेडा जिल्हा’ केलं तर चालेल का?

नकाशापुरतं चालेल. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत राज्य काउंट्यांमध्ये विभागलेलं आहे आणि काउंटी हा राज्याचा कायदेशीर उपविभाग आहे, असंच म्हटलंय. अशा 58 काउंट्या आहेत. आपले 36 जिल्हेही तसेच राज्याचे तुकडे.

पण ‘जिल्हा’ म्हटलं की मराठी वाचक आधी कलेक्टर कचेरी शोधतो. तिथे कलेक्टर नाही. अलामेडाचा कारभार पाच निवडून आलेले सुपरवायझर बघतात, आणि शेरीफसुद्धा लोकच निवडून देतात. (आपली जिल्हा परिषद निवडून येते, कबूल, पण एसपीसाठी कधी मतदान केलंय?) आणखी एक फरक. 2014 साली ठाण्यातून पालघर वेगळा निघाला तो सरकारी अधिसूचनेने. कॅलिफोर्नियात नवी काउंटी काढायची तर ज्या ज्या काउंटीची जमीन त्यात जाणार, तिथल्या तिथल्या मतदारांचं बहुमत लागतं. म्हणूनच की काय, सॅन डिएगोतून 1907 मध्ये निघालेली इंपीरियल ही तिथली शेवटची.

दुसरी अडचण शब्दाचीच. अमेरिकेत डिस्ट्रिक्ट म्हणून निराळी चीज आहे: शाळांचे डिस्ट्रिक्ट, काँग्रेसचे (म्हणजे तिथल्या संसदेचे) डिस्ट्रिक्ट, कोर्टांचे डिस्ट्रिक्ट. ‘जिल्हा’ काउंटीवर खर्च केला की यांना काय म्हणणार?

‘परगणा’ कानाला गोड लागतो, पण दाखल्यावर तो वाचून कारकून देशमुख-देशपांड्यांना शोधायला निघेल. तसं पाहिलं तर ‘काउंटी’ही सरंजामीच, काउंटाचा मुलूख तो काउंटी. अमेरिकेत काउंट नाहीत, नाव तेवढं राहिलं. लुइझियानात तर तेही नाही, तिथे 64 ‘पॅरिश’ आहेत, चर्चच्या हद्दींवरून आलेलं नाव. अलास्कात ‘बरो’.

तेव्हा माझं मत: ‘अलामेडा काउंटी’च लिहा. काउंटी क्रिकेटमुळे शब्द आपल्या कानाला सरावलेला आहेच. स्त्रीलिंगी चालवा, ‘ती काउंटी, त्या काउंट्या’. दाखला सरकारी कामासाठी हवा असेल तर पहिल्या उल्लेखाला कंसात ‘जिल्हासदृश विभाग’ एवढं जोडा. आणि फ्रीमाँट हे शहर, अलामेडा ही काउंटी. दोन्ही रकाने वेगळे ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोचा दाखला असता तर मात्र दोन्हींत एकच नाव आलं असतं, कारण 1856 पासून ते शहरही आहे आणि काउंटीही.