कशाला पाहिजे, हे विचारू नको

बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आलेला दिसला, मी सकाळी चहाच्या वेळेला वाचला आणि चहा तसाच गार झाला. 11 महिन्यांची ऑर्डर आहे, पगार कधी येईल सांगता येत नाही, सोबतचे पोट्टे कुठे कुठे लागून गेले आणि मी इथे लायब्ररीत शिक्के मारून राहिलो, हे सगळं वाचलं. पण खरी गोष्ट तू शेवटच्या 2 ओळींत लिहिली आहेस, की एक बाई आल्या, माहिती अधिकाराचं पुस्तक मागितलं, तू विचारलं कशाला पाहिजे, आणि त्या "राहू द्या" म्हणून निघून गेल्या. आणि मला विचारलंस, "मॅडम, मी काही चुकीचं बोललो का?"

हो बापा, चुकीचं बोललास.

आता लगेच तोंड पाडू नको. मी पण बोलले आहे, आणि माझी ग्रंथपालाची नोकरी तर तुझ्यापेक्षा पक्की होती. नवीन असतानाची गोष्ट आहे, मे महिना, नवतपा सुरू, दुपारी 3 ला रस्त्यावर कुत्रं पण नाही आणि एक माणूस गमछा डोक्याला बांधून आत आला, पायात टायरच्या चपला, त्याने हळूच विचारलं की जमिनीच्या हिश्श्याचं, वारसाचं काही पुस्तक आहे का. मी मान वर न करता म्हटलं, "तुम्हाला कशाला पाहिजे, वकील करा ना." तो म्हणाला, "नाही, सहजच." पाण्याच्या माठाजवळ जरा उभा राहिला, पाणी न पिता गेला, आणि पुन्हा कधीच दिसला नाही. ते पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होतं, 2 हात लांब. मला अजून तो "सहजच" आठवतो, कारण सहज कोणी 45 डिग्रीत सायकल मारत येत नाही.

तर आता नीट ऐक. आपल्या कामात विचारावं लागतंच, पण "कशावर पाहिजे" आणि "कशाला पाहिजे" यात जमीन अस्मानाचा फरक आहे. कशावर म्हटलं की समोरचा विषय सांगतो आणि तुला कपाट सापडतं. कशाला म्हटलं की त्याला आधी आपली लायकी सिद्ध करावी लागते, तुझ्यासमोर, काउंटरच्या खालच्या बाजूला उभं राहून. आणि गंमत बघ, ज्या कायद्याचं पुस्तक त्या बाई मागत होत्या त्याच कायद्यात, 2005 च्या, कलम 6(2) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अर्जदाराला माहिती कशासाठी पाहिजे याचं कारण विचारायचं नाही, संपर्क करता येईल एवढाच तपशील मागायचा. म्हणजे कलेक्टर ऑफिसातला माहिती अधिकारी जे विचारू शकत नाही ते तू विचारलंस. आणि अजून एक, याच कायद्याच्या कलम 4 मध्ये ऑफिसांनी आपणहून काय काय जाहीर करायचं त्याची यादी आहे, त्यात लोकांसाठी लायब्ररी किंवा वाचन कक्ष असेल तर त्याच्या वेळा पण आहेत. तुमच्या दारावर वेळेची पाटी आहे का? मागे आले होते तेव्हा तर अर्धी पुसलेली होती.

तू म्हणशील मॅडम एवढ्याशा वाक्याचं एवढं काय. सांगते. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने पण 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पक्का झाला. पण पाणी मिळालं का? नाही, त्यासाठी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन तळ्यावर जाऊन ओंजळीत पाणी घ्यावं लागलं. मधली 3 वर्षं ठराव फाईलीत होता आणि तळ्याच्या काठावर उभी असलेली माणसं तीच होती. हक्क मिळतो की नाही ते काठावरचा माणूस ठरवतो, आणि लायब्ररीत काठावर तू बसला आहेस. नंतर घटनेच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा हे सगळं आलं, सरकारी पैशावर पूर्ण किंवा थोडी चालणारी जागा असली तरी. तुमचं वाचनालय अनुदानावर चालतं ना? मग ते या राबत्याच्या जागेतच आलं, असं मी तरी मानत आले.

पुस्तकासाठी लोक जेलात पण गेले आहेत, हे तुला अभ्यासिकेत कोणी सांगितलं नसेल कारण परीक्षेत येत नाही. अमेरिकेत मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात 27 मार्च 1961 ला टूगलू कॉलेजचे 9 काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या सार्वजनिक लायब्ररीत गेले, आधी काळ्यांच्या शाखेत जाऊन पाहून आले की हवी ती पुस्तकं तिथे नाहीत, मग इथे येऊन शांतपणे वाचायला बसले. त्यांना सांगितलं तुमची लायब्ररी वेगळी आहे, तिकडे जा. ते उठले नाहीत, पोलीस आले, शांतताभंगाखाली अटक झाली. लायब्ररीत गप्प बसून वाचल्याबद्दल शांतताभंग! आणि आपण ज्याच्या नंबरांनी कपाटं लावतो, मराठी साहित्याला 891.46 देतो, तो मेल्विल ड्यूई, त्याच्या स्वतःच्या क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना प्रवेश नव्हता, त्यावरून ओरड झाली आणि 1905 च्या सुमारास त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालाची जागा सोडावी लागली. अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने पदकावरचं त्याचं नाव 2019 मध्ये काढलं. म्हणून नंबर पाठ कर पण नंबरवाल्याची पूजा नको करू.

आपले रंगनाथन मला जास्त जवळचे वाटतात. गणिताचा प्रोफेसर, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाला आणि थोड्याच दिवसांत इतका कंटाळला की मला परत कॉलेजात घ्या म्हणायला गेला होता. तुझ्यासारखाच! मग त्याच माणसाने 1931 मध्ये ग्रंथालयाची 5 सूत्रं लिहिली, त्यातलं पहिलं, पुस्तकं वापरासाठी आहेत. वाचून वाटतं यात काय मोठं, पण तुमच्याकडे जे संदर्भाचं कपाट आहे त्याची किल्ली कोणाच्या घरी असते ते आठव आणि मग सांग.

बाकी 2-3 गोष्टी, डोक्यात येतील तशा लिहिते.

देवघेव रजिस्टर काउंटरवर उघडं ठेवू नको. कोण काय नेतं हे येणारा जाणारा वाचतो. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ आले, चांगले इस्त्रीचे कपडे, अमुक मुलगा हल्ली कोणती पुस्तकं नेतो सांगा म्हणाले, घरचे काळजीत आहेत. मी म्हटलं लेखी आणा, कमिटीसमोर ठेवते. ते पुन्हा आले नाहीत. तेव्हा 2017 चा निकाल नव्हता, आता तर सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं आहे की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त जोर आहे.

पुस्तकं सगळी ठेव. आपल्या नागपुरात संघाची रेशीमबाग पण आहे आणि दीक्षाभूमी पण, मधे फार अंतर नाही, मग कपाटात काहून असावं? कोणी येऊन म्हणेल हे काढा, ते काढा, त्याला शांतपणे म्हण की तुम्हाला पाहिजे ते पुस्तक पण सुचवा, सूचना वही तिथे आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन बघ एकदा, फक्त गर्दीसाठी नाही, पुस्तकांचे स्टॉल बघ. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाया पुस्तकं निवडून घेतात, त्यांना कोणी कशाला पाहिजे विचारत नाही.

उन्हाळ्यात कूलरसाठी येऊन बसणाऱ्याला उठवू नको. आमच्याकडे एकदा पाटी लावली होती, "वाचणाऱ्यांनीच बसावे", तर लोक उलटा पेपर धरून झोपायला लागले. पाटी मीच काढली, कोणाला विचारलं नाही.

आता तुझ्या पगाराचं. याच्यावर मी गोड बोलणार नाही. सेवा आहे सेवा आहे म्हणून जे लोक फुकट राबवतात त्यांच्या घरी पगार 1 तारखेला येतो हे लक्षात ठेव. महाराष्ट्राचा 1967 चा ग्रंथालय कायदा झाला, वाचनालयांचे वर्ग ठरले अ ब क ड, आणि 2022 च्या 60 टक्के वाढीनंतर सुद्धा ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाचे 48 हजारच अनुदान ठरलं. महिन्याचे 4 हजार, त्यात पेपर, पुस्तकं, लाईट बिल आणि वर बसलेला माणूस. कोण जगेल? डिसेंबरात अधिवेशन नागपूरला आलं की ग्रंथालयवाल्यांचे मोर्चे निघत आले आहेत, मी पण गेली आहे, थंडीत स्वेटरवर शाल घालून, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर वेळेत हजर होते. मोर्च्यात जायला लाजू नको, संघटना करणं हा पण घटनेतलाच हक्क आहे, 19(1)(ग). मारबतीच्या मिरवणुकीत आपलं आख्खं गाव बडग्यांचे पुतळे काढून सरकारला नावं ठेवतं आणि "घेऊन जा गे मारबत" ओरडतं, मग पगार मागताना आवाज काहून बसतो? ऑर्डरची कॉपी, हजेरीची कॉपी, दर महिन्याला मोबाईलवर फोटो काढून ठेव. तोंडी आश्वासनाला दाखल क्रमांक नसतो.

सोडायची नोकरी तर सोड. परीक्षा दे, पास हो, मोठा साहेब हो, मला राग येणार नाही. पण तिथे पण टेबलाच्या पलीकडे एक बाई येईलच अर्ज घेऊन, आणि तुझ्या तोंडून तेच वाक्य निघायला वेळ लागणार नाही, सवय इथेच मोडून जा.

त्या बाईंचं काय करायचं विचारलंस. त्या सभासद असतील तर कार्डावर पत्ता असेल, पण घरी जाऊ नको, शेजारपाजार बघेल. ते पुस्तक काउंटरजवळच्या कपाटात समोर लाव, कव्हर दिसेल असं. सोबत अर्जाचा एक कोरा नमुना ठेव, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट कुठे मिळतं ते लिहून ठेव, आणि महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे हे पण. कोणी उचललं तर बघू नको, रजिस्टरमध्ये मान घालून बस.

मी रविवारी 11 ला येते. पाटी रंगवायला ऑइल पेंट आणून ठेव, ब्रश माझ्याकडे आहे.

तुझी,
मॅडम