चाल : नेहमीची

प्रश्न : चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या परंपरेत कुठे पाच मूळ ग्रंथ सांगतात, कुठे सहा. सहावा संगीतावरचा होता आणि तो जाळला गेला, असं वाचलं. खरं काय? दुसरं म्हणजे, आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना जुन्या चाली येतात, पण ते लिहू देत नाहीत. चाल कागदावर उतरत नाही, म्हणतात. – एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बुवांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं या सहाव्या ग्रंथावरूनच कळतं.

काव्य, इतिहास, विधी, संगीत, परिवर्तन आणि 'वसंत-शरद' नावाची बखर, अशी सहा नावं जुन्या यादीत येतात. चीनच्या हुबेई प्रांतात १९९३ साली एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यांतही ही सहा नावं एकत्र आहेत. पण इ.स.पू. १३६ मध्ये हान घराण्याच्या सम्राट वूने विद्वान नेमले ते पाचच ग्रंथांसाठी. त्याआधी, इ.स.पू. २१३ ला, पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला होता. म्हणून संगीताचा ग्रंथ त्यात गेला, असं सांगतात.

मला हे पटत नाही. जाळायच्या यादीत काव्याचा ग्रंथही होता. त्यातल्या ३०५ कविता लोकांच्या तोंडी होत्या, म्हणून वाचल्या. मग संगीतच कसं गेलं? काही अभ्यासक म्हणतात, असा ग्रंथ कधी नव्हताच. काव्य गाताना आणि विधी करताना जे वाजायचं, तेच संगीत. मी या बाजूचा. आज त्या ३०५ कवितांचे शब्द आहेत, चाली नाहीत. विधीच्या ग्रंथात संगीतावर एक प्रकरण आहे, पण त्यात संगीत माणसाला काय करतं ते आहे. वाजवायचं कसं ते नाही.

हान घराण्याच्या इतिहासात 'ची' नावाच्या घराण्यातल्या वादकांची नोंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या दरबारी वाजवणारी ही माणसं. घंटांचा नाद, ढोलाचा ठेका, नाचाची पावलं सगळं त्यांना पाठ, पण त्याचा अर्थ सांगता येत नव्हता. ही ओळ वाचली की मला आमचं घर आठवतं.

माझ्या बाबांची भजनाची वही होती. खाकी पुठ्ठा, कडेनं उधई लागलेली. प्रत्येक अभंगावर लाल शाईनं लिहिलेलं, 'चाल : नेहमीची'. बाबा गेले तेव्हा मी पेटी घेऊन बसलो. तेवीस अभंगांपैकी सात वाजवता आले. बाकीच्यांची नेहमीची चाल कोणती, हे सांगणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

याच हुबेईत १९७८ साली एका सरदाराच्या थडग्यातून पासष्ट काशाच्या घंटा निघाल्या, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या. एकेका घंटेतून ठोकायची जागा बदलली की दोन स्वर निघतात, आणि त्या स्वरांची नावं घंटांवरच लिहिली आहेत. म्हणून कोणती घंटा कोणत्या स्वराची, हे आजही कळतं. चाल नाही उतरली त्यांच्यावर, पण स्वर उतरला.

तेव्हा बुवांशी वाद घालू नका. येत्या गुरुवारी भजनाला मोबाइल त्यांच्या खंजिरीजवळ ठेवा. आधी विचारून, चोरून नव्हे. वहीत अभंगापुढे पट्टी लिहा, काळी दोन की पांढरी चार, ठेका कोणता, आणि ही चाल बुवांनी कुणाकडून घेतली. 'नेहमीची' तेवढं लिहू नका.