बागेचे प्रश्न : झोपलेली हिरवळ, जागं तण

अमेरिकेतल्या वाचकांकडून जानेवारी-फेब्रुवारीत लॉनबद्दल ठरलेला एक प्रश्न येतो: गवत वाळून पिवळं पडलंय, तण मात्र हिरवंगार आहे आणि वसंतात नवीन बी टाकायचंय, तर आधी काय करायचं? उत्तर तुमच्या लॉनमध्ये कोणतं गवत आहे यावर ठरतं, त्यामुळे चार गावचे चार प्रश्न वेगवेगळे घेतले आहेत.

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सस): आमचं बर्म्युडाचं लॉन नोव्हेंबरच्या शेवटी पूर्ण वाळलं. आता त्यात ठिकठिकाणी बारीक पोपटी गवत आणि जांभळ्या फुलांचं एक तण माजलंय. मध्ये मध्ये टकलं पडली आहेत, तिथे एप्रिलमध्ये बी टाकायचं आहे. शेजारी म्हणतात, आत्ताच सगळीकडे ग्लायफोसेट हे तणनाशक मारा. मारू का?

उत्तर: शेजाऱ्यांचा सल्ला तुमच्या गवताला लागू पडतो, पण त्यात तीन अटी आहेत. त्या पाळल्या नाहीत तर एप्रिलमध्ये लॉन उठायलाच उशीर होईल.

बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. देशावरचा शेतकरी जिच्या काशा वेचून वेचून थकतो, तीच ही. थंडीत तिची पानं मरतात, पण जमिनीलगतची धावती खोडं आणि मातीखालच्या काशा जिवंत राहतात. ग्लायफोसेट हिरव्या भागातूनच आत शिरतं. हरळी पूर्ण वाळलेली असेल तर तिच्यात शिरायला त्याला वाट मिळत नाही, हिरवं तण मात्र मरतं. म्हणून पहिली अट, हरळी खरोखर झोपलेली असली पाहिजे. वरून बघून ठरवू नका. गुडघ्यावर बसून वाळलेली पानं बोटांनी बाजूला करा आणि खोडाची पेरं बघा. दक्षिणेकडच्या भिंतीलगत, ड्राइव्हवेच्या कडेला, ड्रायरची गरम हवा बाहेर पडते तिथे पेरांतून हिरवे कोंब डोकावत असतात. तेवढ्या जागा सोडून द्या. तुमच्याकडे जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची सुरुवात ही साधारण सुरक्षित वेळ.

दुसरी अट बाटलीची. दुकानात ‘राउंडअप’ नावाने आता जे घरगुती डबे मिळतात, त्यांतल्या बऱ्याच डब्यांत ग्लायफोसेट नसून ट्रायक्लोपिर, फ्लुआझिफॉप, डायक्वाट अशी वेगळी औषधं असतात. ‘एक्स्टेंडेड कंट्रोल’ लिहिलेल्या डब्यांत तर मातीत महिनोन्महिने टिकणारं औषध असतं आणि त्यावर टाकलेलं बी उगवत नाही. पुढचं नाव न वाचता मागच्या बाजूचे घटक वाचा. एकटं ग्लायफोसेट, 41 टक्के, आणि लेबलवर ‘डॉर्मंट बर्म्युडाग्रास’ असा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्या. लेबलच्या बाहेर जाऊन वापर करणं अमेरिकेत बेकायदा आहे.

तिसरी अट प्रमाणाची. या वापरासाठी एकरी 16 औंसाच्या वर गेलं की नीट राखलेल्या लॉनमध्ये हरळी उशिरा हिरवी होते. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, म्हणजे हजार चौरस फुटांना साधारण 11 मिली औषध. अडीच हजार चौरस फुटांच्या लॉनला 27 मिली पुरतं, जेवायच्या दोन चमच्यांहून कमी. हजार फुटांना एक गॅलन पाणी धरा. पण तुमच्या पंपातून तुमच्या चालीने किती पाणी पडतं हे आधी नुसतं पाणी भरून, 20 बाय 50 फुटांचा चौकोन आखून तपासा. गडबड होते ती इथेच. माणूस तणाच्या प्रत्येक पुंजक्यापाशी थांबून भिजेपर्यंत मारतो आणि त्या जागी प्रमाण तिप्पट होतं. मग एप्रिलमध्ये नेमकी तिथली हरळी मागे पडते. दुपारचं तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या वर, वारा जवळजवळ नाही आणि पुढचे सहा तास पाऊस नाही, असा दिवस निवडा. थंडीत तण सावकाश मरतं, तीन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून दुसरा हात मारू नका.

आता तण कोणतं ते. पोपटी गवत बहुतेक पोआ अॅन्युआ आहे. त्याच्या पानाचं टोक नावेच्या नाळेसारखं वर वळलेलं असतं आणि पान देठाला मिळतं तिथे पांढरट पातळ पापुद्रा दिसतो. जांभळ्या फुलांचं हेन्बिट, त्याचं खोड चिमटीत फिरवलं की चौकोनी लागतं. दोन्ही वर्षायू आहेत. शरदात माती 70 अंशांच्या खाली आली की उगवतात, हिवाळाभर वाढतात, वसंतात बी टाकतात आणि उन्हाळ्यात आपोआप मरतात. मेमध्ये तण दिसेनासं झालं म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका, पुढच्या ऑक्टोबरचं बी तोवर मातीत पडलेलं असतं. पोआ तर अगदी खुरटं कापलं तरी बी धरतं. त्यामुळे पांढरे तुरे दिसायच्या आत ते मारलं तरच उपयोग. एकूण पन्नास-साठ झाडं असतील तर औषधाच्या फंदातच पडू नका. पावसानंतर दुसऱ्या दिवशी लहान खुरप्याने मुळासकट काढा.

बियाण्याबद्दल. एप्रिलमध्ये घाई होईल. हरळीच्या बियाला माती निदान 65, शक्यतो 70 अंश लागते. सकाळी दोन इंच खोल थर्मामीटर घालून सलग चार-पाच दिवस बघा, फ्रिस्कोला मे उजाडतो. त्याआधी मार्चमध्ये यंत्र एक इंचावर आणून वाळकं गवत कापा आणि कापलेलं गोळा करून बाहेर टाका, त्यात तणाचं बी असतं. टकलांवरची माती पाव इंच खरवडा. तुमच्याकडची काळी चिकणमाती विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीच्याच जातीची, ओली असताना तुडवली की तिचा थापा होतो, म्हणून वाफसा आल्यावरच हात घाला. हजार फुटांना एक ते दोन पौंड सोललेलं बी, वर जेमतेम पाव इंच माती, आणि उगवेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी. एक ते तीन आठवड्यांत उगवतं.

मात्र बी विकत घेण्याआधी तुमचं लॉन बियाचं की सॉडचं (मातीसकट कापून आणून अंथरलेल्या तयार गवताचं) ते शोधा. नव्या वसाहतींत बहुधा टिफवे 419 चं सॉड अंथरलेलं असतं. हा संकर वांझ आहे, त्याचं बी बाजारात नसतंच. त्यात दुसऱ्या हरळीचं बी टाकलंत तर रंग आणि पोत वेगळा असे चट्टे कायम दिसतील. सॉड असेल तर आपल्याच लॉनच्या दाट कोपऱ्यातून दोन-दोन इंचांचे गड्डे काढून टकलांत फूटभर अंतरावर लावा. आणि टक्कल वीतभरच असेल, रोज सहा तास ऊन मिळत असेल, तर काहीच लावू नका. नत्र आणि पाणी द्या, जुलैपर्यंत हरळी स्वतः भरून काढते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडून साधणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सगळे क्रॅबग्राससाठी (हे उन्हाळी गवती तण) प्रोडायमीन किंवा डायथायोपिर टाकतात. ही उगवणपूर्व औषधं तणाचं बी आणि तुमचं बी असा भेद करत नाहीत. पेरणी आणि त्यांच्यात किमान तीन-चार महिने जावे लागतात, प्रमाण जास्त असेल तर आणखी. बी टाकायचंच असेल तर त्या पट्ट्यांत यंदा औषध नाही, बाकीच्या लॉनला टाका. गड्ड्यांच्या जागीही टाकू नका, धावत्या खोडांना फुटणारी नवी मुळंही त्यात मार खातात. पट्ट्यांत क्रॅबग्रास येईल, ते उपटावं लागेल. नवी हरळी तीन-चारदा कापून झाल्यावर क्विनक्लोरॅक या उगवलेलं क्रॅबग्रास मारणाऱ्या औषधाचा विचार करता येतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): डॅलसच्या भावाने हिवाळ्यात ग्लायफोसेट मारून लॉन स्वच्छ केलं. आमचंही जानेवारीत तपकिरी होतं. आम्हीही तेच करून मार्चमध्ये बी टाकावं का?

उत्तर: अजिबात नको. तुमचं लॉन टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रासचं असणार. हे थंडीचं गवत, ते हिवाळ्यात वाढ थांबवतं, पण हरळीसारखं जमिनीपर्यंत मरत नाही. बुडाशी हिरवं असतंच. ग्लायफोसेट मारलंत तर तणाबरोबर लॉनही जाईल.

तुमच्याकडे हिवाळ्यात तण मुख्यतः चिकवीड, जांभळं डेडनेटल आणि हेअरी बिटरक्रेस. बिटरक्रेसकडे आधी बघा. ते जमिनीला चिकटलेल्या गोल झुबक्यात वाढतं, मग पांढरी बारीक फुलं आणि उभ्या काडीसारख्या शेंगा येतात. शेंगा पिकल्यावर हात लागला की तडकतात आणि बी कित्येक फूट उडतं. त्या अवस्थेत उपटायला गेलात तर तुम्हीच पेरणी करता. फुलं दिसताच, शेंगा धरायच्या आत, ओल्या मातीतून काढा. चिकवीडची जाळी हाताने गुंडाळून निघते, पण तुटलेले तुकडे ओल्या मातीत पुन्हा मुळं धरतात, ते वेचून घ्या. टू-फोर-डी, एमसीपीपी आणि डायकॅम्बा या रुंद पानांचं तण मारणाऱ्या औषधांचं मिश्रण चालतं, पण त्याला दुपारी 50 अंशांहून जास्त तापमान हवं आणि पेरणीआधी साधारण चार आठवडे मोकळे हवेत. न्यू जर्सीत हे दोन्ही वसंतात क्वचितच जमून येतं, म्हणून हाताने काढणंच बरं.

पेरणी मार्चअखेर ते मध्य एप्रिल, माती 50 अंशांच्या वर गेल्यावर. फोर्सिथियाच्या झुडपाला पिवळी फुलं दिसली की तयारीला लागा. जुनं गवत दोन इंचांवर कापून कचरा ओढून काढा, कोअर एरेटर (मातीत भोकं पाडणारं यंत्र) दोन दिशांनी फिरवा. फेस्क्यू हजार फुटांना तीन ते चार पौंड. बी मातीला टेकलं नाही, वाळक्या गवतावर अडकून राहिलं, तर पक्षी खातात किंवा अंकुर सुकतात. वसंतातल्या पेरणीची बरीचशी निराशा यातून येते.

तुमच्याकडे एक सोय आहे जी हरळीवाल्यांना नाही. मेसोट्रायोन (‘टेनॅसिटी’) हे तणनाशक पेरणीच्या दिवशीच मारता येतं. एकरी पाच औंस, म्हणजे हजार फुटांना साधारण 3.4 मिली. ते क्रॅबग्रास अडवतं आणि फेस्क्यू-ब्लूग्रासचं बी उगवू देतं. इतकं कमी माप चमच्याने घेऊ नका, औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या. उगवलेलं तण पांढरं पडतं, घाबरू नका. दुसरी फवारणी करायची तर नवं गवत उगवून चार आठवडे आणि दोन कापण्या, यांतलं जे उशिरा असेल ते होऊ द्या. ‘बी टाकताना चालतं’ असं न लिहिलेलं क्रॅबग्रास प्रिव्हेंटर मात्र घेऊ नका.

खताबाबत राज्याचा कायदा लक्षात ठेवा. 15 नोव्हेंबर ते 1 मार्च घरगुती लॉनला खत घालायला बंदी आहे आणि स्फुरद फक्त माती परीक्षणाच्या आधारे किंवा नवी पेरणी-दुरुस्ती करतानाच चालतं. आणखी एक, तुम्हाला आवडणार नाही तरी सांगतो. तुमच्या भागात पेरणीची खरी वेळ ऑगस्टअखेर ते मध्य सप्टेंबर आहे. वसंतात पेरलेल्या गवताची मुळं जुलैच्या उन्हापर्यंत खोल जात नाहीत आणि बरंचसं जळतं. आत्ता फक्त उघडी माती झाका, मोठी पेरणी सप्टेंबरसाठी ठेवा.

प्रश्न (अल्फरेटा, जॉर्जिया): आमचं झोयसिया गवताचं लॉन आहे, तेही हिवाळ्यात वाळतं. ग्लायफोसेट चालेल?

उत्तर: नको. झोयसिया बहुधा पूर्ण झोपत नाही, बुडाशी हिरवं राहतं. रुंद पानांच्या तणासाठी झोयसियाला चालणारं तीन औषधांचं मिश्रण हिवाळ्याच्या मध्यात मारा, ते हिरवं व्हायला लागल्यावर नाही. पोआ हाताने काढा आणि सप्टेंबरमध्ये माती 70 अंशांपर्यंत थंड व्हायच्या आत प्रोडायमीन टाका. एमराल्ड किंवा मायर असेल तर बी टाकायचा विचार सोडा, या जाती सॉडने किंवा गड्ड्यांनीच लावतात. ‘झेनिथ’चं बी मिळतं, पण ते सावकाश उगवतं आणि मातीवर उघडंच ठेवावं लागतं, त्याला उजेड हवा.

प्रश्न (प्लेनो, टेक्सस): लॉनवर औषध मारतो, तर गणपतीला दूर्वा तिथल्याच तोडाव्यात का? भारतातून मुळ्या आणता येतील?

उत्तर: फवारलेल्या लॉनमधल्या तोडू नका. जानेवारीतल्या ग्लायफोसेटपेक्षा उन्हाळ्यात टाकलेली औषधं आणि औषध मिसळलेली खतं ही खरी अडचण. त्यांची लेबलं लॉनसाठी असतात, नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवायच्या किंवा मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूसाठी नाहीत. भारतातून मुळ्या आणायला जाऊ नका, रोपांना फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं आणि नसेल तर विमानतळावर जप्त होतात. गरजही नाही, साधी बर्म्युडा म्हणजेच दूर्वा. एप्रिल-मेमध्ये सोललेलं, रंगीत आवरण नसलेलं साधं बर्म्युडा बी घ्या. आवरणात कधी कधी बुरशीनाशक असतं. फूटभर रुंद, सहा-आठ इंच खोल कुंडीत दोन भाग माती, एक भाग वाळू भरून चिमूटभर बी पसरा आणि सहा तास उन्हात ठेवा. दर आठवड्याला कात्रीने दोन इंचांवर छाटत राहिलात तर तीन पात्यांचे कोवळे शेंडे भाद्रपदापर्यंत भरपूर निघतात. लॉनवर फवारणी असेल त्या दिवशी कुंडी गॅरेजमध्ये ठेवा आणि फवारलेल्या लॉनचं कापलेलं गवत तिच्यावर आच्छादन म्हणून घालू नका.