फिल्म स्टडीजमधल्या संज्ञा पाठ आहेत, पण चित्रपटावर लिहिताना वापरता येत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला आहात, मीझ-आँ-सेन, मोंताज, डायजेटिक साउंड, गेझ या सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, आणि तरी 'या प्रसंगाचं विश्लेषण करा' असा प्रश्न आला की हातून फक्त गोष्ट लिहिली जाते. मी गेली काही वर्षं कॉलेजच्या मुलांबरोबर चित्रपट बघतो आणि नंतर त्यावर बोलतो. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. माझा सल्ला असा की नोट्स आठवडाभर बाजूला ठेवा आणि नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या मराठी चित्रपटाचा (2013) शेवटचा भाग चार वेळा बघा. तुमच्या अभ्यासक्रमातल्या निम्म्या संज्ञा त्यात सापडतील, आणि एकदा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट पाठ करावी लागत नाही.

पहिल्यांदा बघताना आवाज पूर्ण बंद करा. जब्या, म्हणजे गावातली डुकरं पकडावी लागणाऱ्या दलित घरातला शाळकरी मुलगा, आणि त्याच्या घरची माणसं मेलेलं डुक्कर काठीला बांधून, खांद्यावर घेऊन निघालेत. मागे शाळेची भिंत आहे आणि तिच्यावर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं. कॅमेरा भिंतीवर वेगळा झूम करत नाही, कुणी पात्र त्या चित्रांबद्दल बोलत नाही. ती फक्त मागे आहेत आणि पुढून डुक्कर चाललंय. चौकटीत काय ठेवलं, कुठे ठेवलं, कुणाच्या अंगावर कुठले कपडे, उजेड कुठून येतो, माणसं कुठून कुठे चालतात, या सगळ्या मांडणीला मीझ-आँ-सेन म्हणतात. शब्द फ्रेंच रंगभूमीवरून आलाय. नाटकात नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि पात्रांच्या हालचाली अशी वेगवेगळी नावं आपण घेतो, त्यांची मोट म्हणजे हा शब्द.

इथेच वाच्यार्थ आणि सूचितार्थ हा भागही उरकून घ्या. या जोडीवर लिहिणारे फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ वाचताना मुलं घाबरतात, पण शाळेच्या व्याकरणात अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आपण शिकलेलो असतो. भिंतीवर महापुरुषांची चित्रं आहेत, हा वाच्यार्थ. ज्यांनी समतेचं वचन दिलं त्यांच्या डोळ्यांदेखत हे पोर अजून डुक्कर वाहतंय, हा व्यंग्यार्थ, म्हणजेच सूचितार्थ. दोन्ही परंपरा तंतोतंत एक नाहीत, पण आपल्या घरच्या पायरीवरून चढणं सोपं जातं.

दुसऱ्यांदा बघताना आवाज चालू करा आणि थोडं मागे जा. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, डुक्कर मात्र निघून जातं. राष्ट्रगीत म्हणणारी मुलं आपल्याला त्या चौकटीत दिसत नाहीत, पण आवाज त्या गावातलाच आहे, पात्रांना ऐकू येतोय. म्हणून तो डायजेटिक, म्हणजे कथाविश्वातला आवाज. पडद्यावर स्रोत दिसतो की नाही यावरून हे ठरत नाही. परीक्षेत सर्वांत जास्त चुका इथे होतात. पात्राला ऐकू येतो का, एवढंच विचारा. पार्श्वसंगीत पात्रांना ऐकू येत नाही, म्हणून ते नॉन-डायजेटिक.

या दोन कप्प्यांत न बसणारी जागा भेटली तर घाबरू नका, तिथेच तुमचं उत्तर चांगलं होणार आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (1955) हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो आणि मुलीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी बायकोपुढे, सर्वजयापुढे, करतो. दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. सर्वजया कोसळते, तिचं तोंड रडण्यासाठी उघडतं, आणि तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा उंच सूर येतो. रडणं कथाविश्वातलं, सूर बाहेरचा, आणि बाहेरच्याने आतल्याची जागा घेतलेली. मी हा प्रसंग कितीतरी वेळा पाहिला असेल, अजूनही त्या सुरापाशी वर्गात बोलणं थांबतं. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांतली गाणीही अशीच: गाणारा शेतात उभा, वाद्यवृंद कुठेच नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकातली व्याख्या इथे अपुरी पडते, आणि ती का पडते हे बिनधास्त लिहा.

मोंताज आणि शॉट याबद्दल थोडक्यात. एका कटपासून दुसऱ्या कटपर्यंत जे दिसतं तो शॉट. एका ठिकाणी, सलग वेळेत घडणारा प्रसंग म्हणजे सीन. हे दोन शब्द अदलाबदल करून वापरू नका. मोंताज म्हणजे शॉट जोडून अर्थ घडवणं. त्यासाठी रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग लक्षात ठेवा. नट मोझ्झुखिनच्या चेहऱ्याचा एकच शॉट, आणि त्याला जोडून कधी सूपचा वाडगा, कधी शवपेटी. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना कधी त्यात भूक दिसली, कधी दुःख, असं सांगतात. अर्थ दोन शॉटच्या जोडणीतून तयार होतो, हा त्याचा गाभा. उलट टोक बघायचं असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) बघा. तिथे कॅमेरा दूर, स्थिर आणि शॉट लांब. कुठे बघायचं हे दिग्दर्शक कट करून सांगत नाही, तुम्हालाच शोधावं लागतं.

आता गेझ, म्हणजे नजर. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी 1975 सालच्या निबंधात मांडलं की मुख्य प्रवाहातल्या हॉलिवूड चित्रपटांत बघणारा पुरुष असतो आणि बाई बघितली जाण्यासाठी असते. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक यांची नजर एक होते. मुलं फक्त 'पुरुषी नजर' एवढं लिहून थांबतात. पण त्यातला खरा प्रश्न आहे की कोण बघतंय, कुणाला बघतंय आणि आपल्याला कुणाच्या बाजूला उभं केलंय. तोच प्रश्न 'फँड्री'ला जातीच्या अंगाने विचारा. डुक्कर पकडण्याची फजिती गाव तमाशा बघावा तशी बघतं आणि हसतं. त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शालूने आपल्याला या कामात बघू नये म्हणून जब्या लपतो. त्याला लाज कामाची आहे त्याहून जास्त बघितलं जाण्याची आहे. आणि थिएटरात बसलेले आपणही तेच बघत असतो, काही जागांवर गावाबरोबर हसतोही. मग शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने, आपल्यावर येतो. चौथी भिंत, म्हणजे पडदा आणि प्रेक्षक यांच्यामधली न दिसणारी भिंत, मोडणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगला शॉट मराठीत सापडलेला नाही.

तो दगड कुणाला कसा लागतो, यावर माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉलचं एन्कोडिंग-डिकोडिंग, म्हणजे अर्थ घालणं आणि अर्थ काढणं, लावून बघा. दिग्दर्शकाने घातलेला अर्थ कुणी तसाच स्वीकारतो, कुणी थोडा वाकवून घेतो, कुणी नाकारतो. एकाच रांगेत बसलेल्या तीन प्रेक्षकांचे तीन अर्थ निघू शकतात. तुमच्या वर्गातच विचारून बघा.

लिहिताना संज्ञा आधी आणू नका. 'या प्रसंगातील मीझ-आँ-सेन प्रभावी आहे' या वाक्यावर मी कधीच गुण देत नाही, कारण ते कुठल्याही चित्रपटाबद्दल लिहिता येतं. त्याऐवजी असं लिहा: 'डुक्कर वाहणारी माणसं पुढे आणि समाजसुधारकांची चित्रं मागे, अशा मीझ-आँ-सेनमुळे शाळेची भिंतच या अन्यायाची साक्षीदार होते.' आधी काय दिसलं, मग त्याचं नाव, मग त्याने काय केलं. असे तीन-चार परिच्छेद झाले की गोष्ट सांगायला कागदावर जागाच उरत नाही.