पीआयपीचं अपील जिंकल्यावर पैसे कधी येतात?

ताई, अभिनंदन! यजमानांच्या पीआयपीचा (ब्रिटनमधला अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा सरकारी भत्ता) निकाल हातात येऊन तीन आठवडे झाले, खात्यात काही नाही आणि फोनवर नुसतं ‘काम चालू आहे’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. अजून घाबरण्यासारखं काही नाही.

ट्रायब्युनल, म्हणजे अपील ऐकणारं न्यायमंडळ, निकाल देतं, पैसे देत नाही. निकालाची प्रत डीडब्ल्यूपीकडे (भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याकडे) जाते आणि तिथे कुणीतरी नव्याने हिशोब मांडतं. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय निकालाची लेखी कारणं मागायला डीडब्ल्यूपीला एक महिना असतो. कारणं मागवली म्हणजे त्यांनी वरच्या ट्रायब्युनलकडे धाव घेतली असं नाही. तिथे फक्त कायद्याच्या चुकीवरच जाता येतं. सहा आठवडे उलटले तर मात्र फोनवर वेळ घालवू नका. निकालाची तारीख घालून तुमच्या भागाच्या खासदारांना मेल करा. इथे हा उपाय खरंच लागू पडतो.

उशीर झाला म्हणून थकबाकी बुडत नाही. पण ज्या काळाची थकबाकी, त्या काळाचाच दर लागतो, आणि पीआयपीचे दर दरवर्षी एप्रिलमध्ये बदलतात. पीआयपीतल्या दैनंदिन जीवनाच्या भागाचा (रोजच्या कामांत लागणाऱ्या मदतीसाठीचा) वरचा दर २०२४-२५ मध्ये आठवड्याला १०८.५५ पौंड होता, पुढच्या वर्षी ११०.४० झाला. त्यामुळे आजच्या दराने गुणाकार केलात तर आकडा जुळणार नाही, आणि मग उगाच भांडण.

खरी घाई दुसरीकडेच आहे. त्यांच्यासाठी नोकरी सोडली असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यांना दैनंदिन जीवनाचा भाग मंजूर झाला असेल आणि तुम्ही आठवड्याला किमान ३५ तास त्यांचं बघत असाल, तर केअरर्स अलाउन्सचा (काळजी घेणाऱ्याला मिळणाऱ्या भत्त्याचा) अर्ज आत्ताच भरा, पैशांची वाट बघत बसू नका. पीआयपी मंजूर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज गेला, तर तो पीआयपी लागू झाल्याच्या तारखेपर्यंत मागे नेता येतो, अर्थात त्या काळात तुम्ही अटींत बसत असाल तर. मुदत टळली की मागचा बराच काळ हातचा जातो. (स्कॉटलंडमध्ये असाल तर तिथली योजना वेगळी आहे.)

आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीचा भत्ता) घेत असाल तर थकबाकीचं पत्र जपून ठेवा. ही रक्कम ५२ आठवडे बचतीत धरत नाहीत, पण खात्यातला मोठा आकडा बघून विचारणा होऊ शकते.