पाच सेंटीमीटर पाहून घाबरू नकोस

अरे, उतारावर बसवलेल्या जीपीएसच्या वर्षभराच्या आलेखात तुझा बिंदू ईशान्येला पाच सेंटीमीटर गेला म्हणून घाटातला उतार सरकला असं लगेच लिहून टाकू नकोस. जागतिक संदर्भचौकटीत, म्हणजे अख्ख्या पृथ्वीला धरून, मोजलंस तर अख्खा भारतीय भूपट्टच साधारण तेवढा सरकतो; पुण्यातला कातळही सरकलेला दिसेल. म्हणून बेस स्टेशन, म्हणजे तुलनेसाठीचा स्थिर जीपीएस, सरकत्या भागाच्या बाहेर, पण जवळच ठेव, आणि दोघांतला फरक बघ. बेससाठी उघडा काळा कातळच शोध. मी पहिल्यांदा लाल मातीत खांब रोवला होता. जुलैत तोच कलला, आणि दोन महिने मला वाटत राहिलं की समोरचा उतार वर चढतोय!

उंचीचे आकडे आडव्यापेक्षा दुपटी-तिपटीने डळमळीत असतात, त्यांच्यावर भिस्त नको. अँटेनाशेजारी पत्र्याचं छप्पर असलं की त्यावरून परावर्तित झालेल्या उपग्रहांच्या लहरी घोळ घालतात. तासाभराच्या वाचनातून मिलिमीटर मागू नकोस, चोवीस तासांचं घे.

आणि बॅटरी दुप्पट ने. उतार हलायची शक्यता ज्या आठवड्यात जास्त, नेमकं त्याच आठवड्यात धुक्यात सोलर पॅनेल झोपतं. रोजचा पाऊस त्याच आलेखाखाली काढ. पाणी मुरल्यावर किती दिवसांनी उताराची चाल वाढते, ते तिथेच दिसतं.